झाडांची सखी, नगराच्या बाजूने



सुट्टीत मुलं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळताना तुम्हीही पाहिली असतील. फासे टाकायचे आणि प्रत्येकाने एक पात्र होऊन बोलायचं. माझ्या लेकीचं पात्र ड्रुइड आहे, म्हणजे झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची राखण करणारी. पण ती नगराचा कायदा मानते, म्हणून सवंगडी तिला चिडवतात, “ही कसली ड्रुइड?”

मला मात्र तिचंच पटतं.

खेळाचे नियमही तिच्या आड येत नाहीत. १९७८ च्या पुस्तकात ड्रुइडला पूर्ण तटस्थच राहावं लागे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती अट सैल झाली आणि कायद्याकडे कल असलेला ड्रुइडही चालू लागला. २०१४ पासून तर तशी अटच नाही. २०१८ साली आलेल्या रॅव्हनिकाच्या पुस्तकात सगळं जगच एक शहर आहे. तिथला सेलेस्निया हा संघ निसर्ग आणि शिस्त दोन्ही जपतो.

आणि विचार करा, नगरातल्या एखाद्या कारखानदाराने नदीत घाण सोडली, तर नदीच्या वतीने त्याला अडवणार कोण? एकटी ड्रुइड एका रात्री त्याचं दार मोडेल, पण दुसऱ्या दिवशी तो नवं दार बसवेल. नियम झाला तर सगळ्याच कारखानदारांना पाळावा लागेल. आपल्या महाराष्ट्रातही शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते, ती १९७५ च्या कायद्यामुळे.

खरी कसोटी पुढे आहे. नगरसभेनेच जुनी राई तोडायचा हुकूम काढला तर? अशा वेळी ‘कायदा आहे, काय करणार’ म्हणून गप्प बसली, तर ती ड्रुइड कसली! तिने सभेत उभं राहावं, साक्षीदार आणावेत, मुदत मागावी. आणि एवढं करूनही कुऱ्हाड उचलली गेलीच, तर झाडापुढे उभं राहून शिक्षा भोगावी.

म्हणून मी लेकीला सांगते, आपण नियम घेतो तसा तुझ्या पात्रासाठीही एक नियम आधीच घेऊन ठेव. कायद्यासाठी काय सोडशील आणि काय कधीच सोडणार नाहीस, ते ठरव. २०१४ च्या नियमांत ड्रुइड धातूचं चिलखत घालत नसत. तिनेही पहारेकऱ्यांच्या शेजारी खुशाल उभं राहावं, पण त्यांचं चिलखत अंगावर चढवू नये.

तुमच्या मुलांनाही विचारून पाहा, त्यांचं पात्र कुठे थांबेल?