अंतरंग, बहिरंग आणि ख्रिस्ती मराठी माणूस

कुर्ल्याचे होली क्रॉस चर्च मूळचे पोर्तुगीज अमदानीतले. १८४८ साली त्याची पुनर्बांधणी झाली. त्याच्या परिसरातील जुन्या ईस्ट इंडियन कुटुंबांची आडनावे पोर्तुगीज आहेत, पेहराव बव्हंशी पाश्चात्त्य आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची बोली मराठी आहे. या समाजात लग्नाआधी उंबराचे पाणी आणण्याचा विधी आहे आणि त्या प्रसंगीची गाणी मराठीच आहेत. तरीही अशा घरातील विद्यार्थी मराठीच्या वर्गात येऊन बसला की इतरांना नवल वाटते. आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना हे नवल विचार करायला लावणारे वाटते.

मनाची सचोटी मोठी की बाह्याचार, हा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना प्रश्न आहे. लोकांनी पाहावे म्हणून उपास आणि प्रार्थना करणाऱ्यांना येशूने दांभिक म्हटले. मात्र हा उपदेश ऐकणाऱ्याने स्वतःकडे वळून पाहावे यासाठी आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणाची झडती घेण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

इतिहासात झडती मात्र पुष्कळ घेतली गेली, आणि तीही वेषावरून. गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ साली फर्मान काढून धर्मांतरितांच्या धोतरावर, अंगणातल्या तुळशीवर आणि लग्नातल्या चालीरीतींवर बंदी घातली. धोतर नेसणारा मनाने ख्रिस्ती असूच शकत नाही, असा त्यामागचा तर्क होता. उलट बाजूने, ‘पोटासाठी बाटला’ असे म्हणणाऱ्या आपल्या समाजानेही बहिरंगावरूनच अंतरंगाचा निवाडा केला. दोन्ही न्यायासनांची रीत एकच होती.

रेव्हरंड ना. वा. टिळक या दोन्ही न्यायासनांपुढे उभे राहिले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्तांना ते दुरावले. पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे प्रवेश होता. अभंग, भजन, कीर्तन हा त्यांच्या भक्तीचा मार्ग होता. बाप्तिस्मा या सर्वांत मोठ्या बाह्य खुणेलाही त्यांनी प्रवेशाची अट केले नाही, हे आम्हाला विशेष वाटते.

परंतु येथेच आपली गफलत होते. टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून जवळ केले, ते त्यांचे बहिरंग आपल्यासारखे होते म्हणून तर नव्हे? अभंग रचणारा ख्रिस्ती प्रामाणिक आणि सूट घालून मिसाला जाणारा परका, अशी वाटणी आपण मनात करत असू, तर इन्क्विझिशनचाच तर्क आपण उलटा करून वापरतो आहोत. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. आत मात्र मराठी ओवी होती. लिपीवरून त्याची भाषा ठरवणारा वाचक केवढ्या ठेव्याला मुकला असता!

मग बहिरंगाला काहीच अर्थ नाही काय? तसेही आम्हाला म्हणावयाचे नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचावीत. पतीने धर्म बदलला म्हणून लक्ष्मीबाईंनी तो बदलला नाही. वेगळी चूल, सोवळेओवळे, विटाळाची भीती हे सारे त्यांनी आधी जपले. पुढे जातिभेद ईश्वराने केलेला नाही हे मनाला पटले, तेव्हा बाप्तिस्म्याआधीच त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. १९०० साली बाप्तिस्मा झाला तो या बदलानंतर. म्हणजे मनातले खरेपण शेवटी बाहेरच आले. पण ते वेषात आले नाही, दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या पाण्याच्या पेल्यात आले. जिच्यासाठी स्वतःला काही सोडावे लागते, माणसामाणसांतील अंतर जिने कमी होते, ती कृती बाह्य असूनही दिखाऊ नसते.

ईस्ट इंडियन स्त्रिया सणासमारंभाला हौसेने लुगडे नेसतात, ते केवळ प्रदर्शन आहे असा आक्षेप कोणी घेईल. आम्हाला तो मान्य नाही. ‘ईस्ट इंडियन’ हे नावच मुळी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत हे इंग्रज सरकारला कळावे म्हणून घेतलेले. सोयीसाठी घेतलेल्या नावाखाली ज्यांनी बोली आणि गाणी टिकवली, त्यांचे लुगडे ही स्मृतीची खूण आहे. तिला भक्तीचे प्रमाणपत्र मानू नये, तसेच ढोंगही मानू नये.

अभ्यासक्रमात ख्रिस्ती मराठी साहित्य बहुधा टिळक दांपत्यापाशीच थांबते. ते कुर्ल्याच्या, वसईच्या गाण्यांपर्यंत जायला हवे. ती गाणी गाणाऱ्यांना ‘तुम्ही मराठी कसे?’ असे विचारण्यापूर्वी, आपण मराठीपण कशावरून ओळखतो, हे आपणच एकदा तपासावे.