उचल फिटते कधी?

दिवाळी उलटली की आपल्या रोहे तालुक्यातल्या कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. टेम्पो येतो, भांडीकुंडी, पोरं, कोंबड्या भरल्या जातात आणि अख्खं कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला जातं. पावसाच्या तोंडावर परत. आपण सहज बोलून जातो, "त्यांना एका जागी टिकायची सवयच नाही." मला हे वाक्य फार खटकतं.

यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ. १९६२ मध्ये ते दक्षिण गुजरातेतल्या हळपती शेतमजुरांचा अभ्यास करायला आले आणि पुढं पन्नासहून जास्त वर्षं त्याच भागात परत परत येत राहिले. प्रबंध झाला, काम संपलं, असं नाही! बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला आपल्या धुळ्याकडचे मजूर कसे नेतात, मजुरांना 'कोयता' म्हणून कसं मोजतात, मुकादम आधीच उचल देऊन माणूस कसा बांधून घेतो, हे त्यांनी सत्तरच्या दशकात लिहून ठेवलंय.

त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. गावचा हळपती रिकामा बसलेला असताना बाहेरचा मजूर का आणायचा? उत्तर सोपं आहे. परक्या मुलखातला, उचलीत अडकलेला माणूस तोंड वर करून बोलत नाही.

आता आपल्याकडे बघा. "धाटावला भूमिपुत्रांना डावलतात" म्हणून आपण ओरडतो, ते रास्तच आहे. पण आपल्याच वाडीतला कातकरी दुसऱ्याच्या भट्टीवर 'बाहेरचा' असतो, त्याच्यासाठी कोण ओरडतं? राग परप्रांतीय मजुरावर काढून उपयोग नाही. त्यालाही कुणीतरी उचल देऊनच आणलेलं असतं.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. पण कोण गेलं, कुणाकडे, किती उचल घेऊन, याची नोंदच नसेल तर तो कायदा लावणार कुणाला?

म्हणून माझी साधी मागणी. ग्रामपंचायतींनी दिवाळीआधी वाडीवार वही ठेवावी: नाव, मालक, उचल, सोबतची पोरं. आणि आपल्या कॉलेजच्या मुलांनी दरवर्षी त्याच वाड्यांत जाऊन विचारावं, हिशोब काय झाला? एका वर्षाच्या सर्व्हेने काही कळत नाही. दहा वर्षं सलग विचारलं, तर उचल फिटते की फुगते ते तरी कळेल.

पटलं तर आपल्या सरपंचांपर्यंत पोचवा. नाही पटलं तर खाली बिनधास्त लिहा.