जुन्या वाड्याचें लाकूड व नदीची नाव

कृष्णा-वारणेच्या कांठच्या गांवांतून जुने वाडे झपाट्यानें नाहींसे होत आहेत. २०१९ च्या महापुरांत पांढऱ्या मातीच्या भिंती विरघळल्या, व कित्येक ठिकाणीं उरल्यासुरल्या भिंती २०२१ च्या पुरानें बसल्या. त्यांचे कडीपाट, तुळया, खांब व दारें भंगाराच्या भावानें विकलीं जातात. कांहीं लाकूड तर गुऱ्हाळाच्या चुलवाणांत जातें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं पडझडीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. त्यांत भिंती मोजल्या जात, सागाची गणती कोणी पुसत नसे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्यांची जमीन नदीपलीकडे आहे त्यांनीं हें लाकूड विकण्यापूर्वीं एक वेळ नावेचा विचार करावा.

आमची स्वतःची दोन एकर मळी पैलतीरीं आहे. पुलावरून गेल्यास अकरा किलोमीटरांचा फेरा, आणि पाण्यावरून गेल्यास हाकेचें अंतर. पुष्कळ लोक अद्यापि गुळाच्या काहिलींत बसून पलीकडे जातात. काहील घरचीच असते, हें खरें. परंतु ती वाटोळी. वल्हें मारावें तों पुढें सरण्याऐवजीं गिरकी घेते, आणि कोणी उभें राहिलें कीं कलते.

नाव सपाट तळाची करावी. तळ १२ फूट लांब, सरासरी साडेतीन फूट रुंद, बाजू १६ इंच उंच, फळी इंचभर जाड. दोन्ही टोंकें किंचित् उचललेलीं. येथें मुख्य युक्ति अशी कीं, तळाच्या फळ्या उभ्या न घालतां आडव्या घालाव्या. जुन्या वाड्यांत बारा फुटी निर्दोष फळी क्वचित् मिळते, चार फुटी तुकडे मात्र ढीगभर निघतात. बाजूंस लांब फळी हवीच. ती नसल्यास दोन फळ्या टोंकास टोंक भिडवून आंतून हातभर लांबीची जाड पट्टी ठोकावी. तळ व बाजू यांच्या सांध्यास बाभळीचे मूळचेच वांकलेले फांटे बसवावे. कापून वांकविलेल्या लाकडापेक्षां ते फार टिकतात. आंब्याची फळी तळास कोणीं सुचविल्यास ऐकूं नये, ती पाण्यांत लवकर कुजते.

प्रत्येक फळीवर आधीं लोहचुंबक फिरवावा, कारण आंत मोडलेला एक खिळा करवतीचे दांते घालवितो. (आमच्या सुताराची करवत अशीच गेली. तिची किंमत त्यानें आमच्याकडून घेतली, व तें योग्यच होतें.) टोच्यानें टोचून पाहावें, टोंक सहज रुतल्यास ती फळी चुलीचीच. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावे व त्यांचीं टोंकें आंतल्या बाजूनें वळवून ठोकावीं. फटींत डांबरांत भिजविलेली सुतळी बोथट पटाशीनें ठासून बाहेरून डांबराचे दोन हात द्यावे. मग दगड भरून नाव दोन-तीन दिवस उथळ पाण्यांत बुडवून ठेवावी. लाकूड फुगतें व बारीक फटी मिटतात. पहिल्या दिवशीं पाणी शिरलें म्हणून सुतारास दोष देणें बरें नव्हे. उन्हाळ्यांत मात्र ती सावलींत ठेवावी.

आतां ओझ्याविषयीं. तळाचें क्षेत्र सुमारें ४२ चौरस फूट. म्हणजे नाव एक इंच बुडाली कीं साडेतीन घनफूट पाणी सरतें, व त्याचें वजन सुमारें १०० किलो. सागाची नाव स्वतःच दोनशे किलोंच्या आसपास, म्हणून दोन इंच तिचे तिलाच गेले. त्यावर संथ पाण्यांत चारशे किलो पुरे. हा हिशेब आम्हांस पाठ होता, तरीहि पहिल्या वर्षीं दिवेलागणीच्या घाईंत नऊ माणसें व गवताचे चार भारे नावेंत चढले आणि आम्हीं नको म्हटलें नाहीं. मध्यावर एकजण उठला, तशी नाव कलून कांठावरून पाणी आंत आलें. एक भारा गेला, माणसें वांचलीं. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांस नेणारी नाव उलटली, व २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत कुगांव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यांत नाव उलटून सहाजण बुडाले. त्या बातम्या वाचतांना आम्हांस तो भारा आठवल्याशिवाय राहिला नाहीं.

म्हणून ही नाव पुरासाठीं नव्हे, हें आम्ही स्पष्ट सांगतों. पाणी गढूळ होऊन चढूं लागलें कीं ती कांठावर ओढून झाडास बांधावी. प्रत्येकाच्या अंगांत तरंगतें जाकीट असावें. वाचलेल्या पैशांतून तें सहज येतें. भाडें घेऊन उतारू नेण्याचा मोह धरूं नये. त्यास परवानगी लागते, आणि १९१७ च्या कायद्याच्या जागीं आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यांत बिनयंत्राच्या नावांचाहि विचार आहे. तेव्हां घरची नाव असली तरी ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी.

त्या प्रसंगानंतर आम्हीं नावेच्या दोन्ही बाजूंस, तळापासून सहा इंचांवर, पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. रेघ पाण्याखालीं गेली कीं शेवटीं चढलेल्यानें उतरावयाचें, असा घरांत ठराव आहे. गेल्या सुगींत हा प्रसंग आमच्या थोरल्या बंधूंवर आला. ते पुष्कळ रागावले, कांठावर बसून राहिले, आणि दुसऱ्या खेपेस आले.