टीव्हीचा पट्टा, मोबाइलची गरज

इटलीतल्या टीव्ही प्रक्षेपणाच्या लहरी ॲड्रियाटिक समुद्र ओलांडून स्लोव्हेनिया आणि क्रोएशियातल्या प्रक्षेपणात वर्षानुवर्षे व्यत्यय आणत होत्या. युरोपात देशोदेशींच्या स्पेक्ट्रमचा मेळ घालणे किती जिकिरीचे, हे यावरून कळावे. एका देशाने टीव्हीसाठी राखलेल्या पट्ट्यात शेजाऱ्याने मोबाइल ब्रॉडबँड सुरू केले, की सीमेलगतच्या गावांत दोन्हींचे हाल.

म्हणून युरोपीय संघाने २०१७ मध्ये ठरवले, की ६९४ ते ७९० मेगाहर्ट्झचा पट्टा सदस्य देशांनी ३० जून २०२० पर्यंत मोबाइल ब्रॉडबँडसाठी मोकळा करावा. सबळ कारण असल्यास आणखी दोन वर्षे. त्याखालचा ४७० ते ६९४चा पट्टा मात्र किमान २०३० पर्यंत टीव्हीला उपलब्ध राहील. जर्मनी आणि फ्रान्स यांनी मोबाइलसाठीच्या पट्ट्याचे लिलाव २०१५ मध्येच उरकले होते. इटलीत मात्र तो पट्टा मोकळा व्हायला २०२२ उजाडले.

या पट्ट्यातल्या कमी वारंवारतेच्या लहरी लांबवर जातात, भिंतींपलीकडे पोहोचतात. विरळ वस्तीत थोड्या टॉवरांवर भागते. खेड्यांसाठी हा निर्णय योग्यच होता, असे आम्हाला ठामपणे वाटते. पण नाट्यगृहांतले बिनतारी माइकही याच पट्ट्यात चालत. नटाच्या कपाळाशी, केसांत दडवलेला तो इवलासा माइक, त्याचा ट्रान्समीटर, विंगेतला रिसीव्हर, सगळेच बदलायचे, तर छोट्या नाट्यसंस्थांनी पैसा आणायचा कुठून? स्थलांतराच्या खर्चाची भरपाई देण्याची मुभा त्या निर्णयातच आहे. लिलावातून भरघोस महसूल मिळवणाऱ्या सरकारांनी ती द्यायलाच हवी.