तारण ठेवलेले ऋतू

फेब्रुवारी १५६६ मध्ये अँटवर्प शहराच्या दप्तरी एका हमीपत्राची नोंद झाली. निक्लास योंगेलिंक या धनिक व्यापाऱ्याने डॅनिएल दे ब्रॉइन नावाच्या गृहस्थाच्या १६,००० गिल्डरच्या देण्यापोटी शहराकडे आपला चित्रसंग्रह तारण म्हणून लिहून दिला. घर नाही, जमीन नाही, जडजवाहीर नाही, चित्रे! त्या यादीत पीटर ब्रूगेल या चित्रकाराची सोळा चित्रे होती आणि त्यांत ‘बारा महिने’ या नावाने नोंदलेली, आदल्याच वर्षी म्हणजे १५६५ मध्ये रंगवलेली एक मालिका होती. बहुतेक अभ्यासकांच्या मते या मालिकेत प्रत्येकी दोन महिन्यांचे एक, अशी सहा चित्रे असावीत. दोन-दोन महिन्यांचे सहा ऋतू मोजणाऱ्या आपल्या पंचांगाशी हा हिशेब सहज जुळतो, हा एक गमतीचा योगायोग. त्यांपैकी पाच चित्रे आज उपलब्ध आहेत: तीन व्हिएन्नात, एक प्रागमध्ये आणि एक न्यूयॉर्कमध्ये.

या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध चित्र बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचे आहे. शिकारी पाठमोरे आहेत, कुत्रे माना खाली घालून चालले आहेत आणि दिवसभराच्या पायपिटीचे फळ म्हणून एकाच्या पाठीवर एक किरकोळ कोल्हा तेवढा लटकतो आहे. चित्रकाराला त्यांच्या पराक्रमात स्वारस्य नाही, हे उघड आहे. नजर त्यांना ओलांडून खाली उतरते: गोठलेली तळी, त्यांवर खेळणारी ठिपक्यांएवढी माणसे, निष्पर्ण झाडे, दूरचे सुळके आणि या सर्वांवर पसरलेले हिरवट करडे आकाश. येथे कोणी संत नाही, राजा नाही, पुराणकथा नाही. चित्राचा खरा विषय थंडी हा आहे. आणि अशा थंडीला अँटवर्पच्या नगरपालिकेने तारण म्हणून मान्यता दिली. निसर्गचित्राच्या इतिहासात या नोंदीचे महत्त्व एखाद्या सौंदर्यशास्त्रीय ग्रंथाहून कमी मानू नये.

कारण त्याआधी युरोपात निसर्गाला चित्रात जागा होती, पण ती मागच्या रांगेत. सिएना शहराच्या सभागृहात अँब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या भित्तिचित्रात शेते, द्राक्षमळे, रस्ते, ओझी वाहणारी जनावरे असे सारे दिसते. परंतु ते तेथे आले ते चांगल्या राज्यकारभाराचे फळ दाखवण्यासाठी. धार्मिक चित्रांत खिडकीबाहेर एखादी नदी वाहत असे, एवढेच. हे प्रमाण प्रथम उलटे केले ते योआखिम पाटिनिर या अँटवर्पच्याच चित्रकाराने. त्याच्या चित्रांत संत असतात, परंतु ते शोधावे लागतात. डोंगर, खाड्या आणि अरण्ये यांच्या अफाट पसाऱ्यात ते मुंगीएवढे उरलेले असतात. प्रसिद्ध जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूरर १५२१ मध्ये पाटिनिरच्या लग्नाला हजर होता. त्याने आपल्या दैनंदिनीत पाटिनिरचा उल्लेख ‘चांगला निसर्गचित्रकार’ अशा अर्थाच्या शब्दांनी केला आहे. एखाद्या माणसाचा धंदा म्हणून हा शब्द वापरला गेल्याचे ते फार जुने उदाहरण आहे. एका चित्रात तर पाटिनिरने केवळ भूप्रदेश रंगवला आणि माणसे क्वेन्टिन मासाइस या सहकाऱ्याने. पार्श्वभूमीला असा स्वतंत्र कारागीर मिळाला, आणि तिला स्वतंत्र होण्यास फार काळ लागला नाही.

चीनमध्ये ही घटना कितीतरी शतके आधी घडली होती. ग्वो शी याचे ‘वसंताची चाहूल’ हे डोंगर आणि धुक्याचे थोर चित्र १०७२ चे आहे. परंतु तेथील चित्रकार दरबाराशी किंवा विद्वानांच्या मंडळाशी बांधलेले होते. युरोपातील कहाणीचे वैशिष्ट्य असे की तेथे निसर्गचित्र मोठे झाले ते बाजारात.

या बाजाराची भूमी म्हणजे सतराव्या शतकातील हॉलंड. इंग्रजीतील ‘लँडस्केप’ हा शब्द डच भाषेतील ‘लांडस्खाप’ वरून आला. आपण ‘निसर्गचित्र’ म्हणतो. डच शब्दात निसर्ग नाही, जमीन आहे. हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या लोकांनी समुद्र हटवून जमीन मिळवली, त्यांना जमीन ही दिलेली नव्हे तर कमावलेली वस्तू वाटणे स्वाभाविक होते. बेमस्टर नावाचे विस्तीर्ण सरोवर अॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी भांडवल उभारून, चाळीसहून अधिक पवनचक्क्या लावून १६१२ मध्ये कोरडे केले आणि तेथे शेते आखली. अशा देशात सपाट माळ, कालवा, बांध आणि त्यांवर झुकलेले मोठे आकाश भिंतीवर टांगावेसे वाटले, यात नवल नाही.

दुसरे कारण धर्माचे होते. कॅल्विनपंथी प्रार्थनामंदिरांच्या भिंती पांढऱ्या झाल्या, संतांच्या चित्रांची मागणी संपली आणि चित्रकारांचा शतकानुशतकांचा मोठा ग्राहक एकाएकी नाहीसा झाला. उरला तो सामान्य गिऱ्हाईक: विणकर, कापड विकणारा, पावाची भट्टी चालवणारा, सधन शेतकरी. जॉन ईव्हलिन हा इंग्रज प्रवासी १६४१ मध्ये रोटरडॅमच्या जत्रेत गेला तेव्हा तेथील चित्रांचा बाजार पाहून चकित झाला. साधे शेतकरीदेखील चित्रांत पैसे गुंतवतात आणि पुढे जत्रेत ती नफ्याने विकतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याने दिलेले कारण तर मार्मिक आहे: या देशात पैसा घालायला पुरेशी जमीनच नाही! जमीन मिळत नाही म्हणून जमिनीचे चित्र घ्यावे, असा हा व्यवहार. ईव्हलिनने आकडे थोडे फुगवले असतील, परंतु डच घरांच्या मृत्युपत्रांसोबतच्या मालमत्तेच्या याद्या पाहिल्या तर चित्रे खरोखरच सामान्य घरांत होती, असे दिसते.

स्वस्त चित्र करायचे तर ते लवकर झाले पाहिजे. येथे यान व्हान गोयेन (१५९६-१६५६) याचे नाव घ्यावे लागते. जुन्या पद्धतीत एकेक पान कोरून, थरावर थर वाळवत, निळ्या-हिरव्या महागड्या रंगांत चित्र पूर्ण करण्यास अनेक आठवडे जात. व्हान गोयेनने तपकिरी, करडा, थोडा पिवळा एवढ्याच रंगांचा पातळ थर ओल्यावर ओला देऊन, फळीच्या लाकडाचा रंगही मधून दिसू देत, अतिशय वेगाने चित्रे केली. नदी, एक होडी, काठावर झोपडी आणि तीन चतुर्थांश आकाश. जॉन मायकल मोंटियास या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये असे मत मांडले की ही शैली म्हणजे उत्पादनखर्च कमी करणारी सुधारणाच होती. वेळ वाचला, किंमत उतरली, ग्राहक वाढला. कलाप्रेमींना हे विवेचन रूक्ष वाटेल. परंतु व्हान गोयेनच्या चित्रांपुढे उभे राहिले की ते आकाश खरोखर दमट वाटते, वारा खरोखर जाणवतो. काटकसरीतून सत्य हाती लागल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

व्हान गोयेनने बाराशेहून अधिक चित्रे केली. तरीही तो गरीब राहिला, किंबहुना कर्जबाजारी झाला. चित्रांतून उत्पन्न थोडे म्हणून त्याने घरे आणि जमिनींचे व्यवहार केले आणि ट्यूलिपच्या कांद्यांच्या सट्ट्यातही उतरला. फेब्रुवारी १६३७ मध्ये तो बाजार कोसळला, तेव्हा सौदा करून फार दिवस झाले नव्हते. त्या देण्याचे ओझे त्याच्या मागे पुढे अनेक वर्षे राहिले. १६५१ मध्ये हेग शहराने आपल्या नगराचे भव्य दृश्य त्याच्याकडून ६५० गिल्डरला करवून घेतले. एरवीच्या त्याच्या चित्रांना याच्या अल्प अंशानेही दाम मिळत नसे. पाच वर्षांनी तो वारला तेव्हा देणे होते १८,००० गिल्डर. पत्नीला घर आणि मालमत्ता विकावी लागली. प्रसिद्ध चित्रकार यान स्टीन हा त्याचा जावई.

एका व्यापाऱ्याची चित्रे १६,००० गिल्डरच्या हमीला पुरेशी ठरतात आणि नव्वद वर्षांनी बाराशे चित्रांचा धनी १८,००० गिल्डर देणे ठेवून जातो! आश्रयदाता गेला आणि चित्रकार स्वतंत्र झाला, असे इतिहासकार लिहितात. ते खरे आहे. परंतु त्या स्वातंत्र्याची जमाखर्चाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. याकोब व्हान रॉइसडालचा शिष्य माइंडर्ट हॉबेमा याने १६६८ मध्ये अॅमस्टरडॅम शहराच्या नोकरीत आयात दारूची पिंपे मोजण्याचे काम पत्करले. त्यानंतर त्याने फार थोडी चित्रे केली. मात्र त्यांत १६८९ चे ‘मिडलहार्निसचा रस्ता’ आहे: दोन्ही बाजूंना उंच, शेंड्यालाच पाने असलेली किरकोळ झाडे आणि मधून क्षितिजाकडे सरळ जाणारी चाकोरी. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आज लोक त्यापुढे थांबतात. हॉबेमाचे दफन १७०९ मध्ये निर्धनांच्या जागेत झाले.

याच काळात रोममध्ये क्लोद लोरें वेगळ्या वाटेने गेला. त्याचे ग्राहक पोप, कार्डिनल आणि सरदार होते, म्हणून त्याच्या सोनेरी सायंकाळींत एखादी देवता किंवा पुराणकथेतील प्रवासी ठेवणे आवश्यक असे. त्याला खोट्या नकलांचा त्रास झाला. उपाय म्हणून सुमारे १६३५ पासून तो विकलेल्या प्रत्येक चित्राचे रेखाटन एका वहीत करून ठेवू लागला आणि पुष्कळदा मागे ग्राहकाचे नावही लिहू लागला. ‘सत्याची वही’ या अर्थाच्या लॅटिन नावाने ओळखली जाणारी ही खतावणी आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. क्लोद श्रीमंत होऊन वारला.

तरी कलेच्या दरबारात निसर्गाची पायरी खालचीच राहिली. १६६७ मध्ये आंद्रे फेलिबियें याने पॅरिसच्या कला अकादमीसाठी चित्रप्रकारांची उतरंड लिहिली. तीत इतिहास आणि पुराणकथा शिखरावर, त्याखाली व्यक्तिचित्रे, आणि निसर्गदृश्ये बरीच खाली. दीडशे वर्षांनंतरही ही उतरंड किती पक्की होती, हे जॉन कॉन्स्टेबलला अनुभवावे लागले. सफक परगण्यातील एका गिरणीमालकाचा हा मुलगा गावची नदी, बांध आणि गाड्याच रंगवत राहिला. उत्पन्न अपुरे म्हणून मारिया बिकनेलच्या आजोबांनी विवाहाला विरोध केला आणि लग्न झाले तेव्हा कॉन्स्टेबल चाळीस वर्षांचा होता. १८२१ मध्ये लंडनमध्ये मांडलेले त्याचे नदीत उभ्या बैलगाडीसारख्या घोडागाडीचे विख्यात चित्र तेथे विकले गेले नाही. १८२४ मध्ये पॅरिसच्या एका विक्रेत्याने ते आणखी एक मोठे आणि एक छोटे चित्र मिळून २५० पौंडांना नेले आणि त्याच वर्षी तेथील प्रदर्शनात कॉन्स्टेबलला सुवर्णपदक मिळाले. रॉयल अकादमीने त्याला पूर्ण सभासद केले ते १८२९ मध्ये, अवघ्या एका मताच्या आधिक्याने. इतिहासचित्रकार उमेदवार असताना निवड झाली हे भाग्य समजा, असे अकादमीच्या अध्यक्षांनी त्याला सुनावले. मारियाचे निधन त्याआधी काही महिन्यांपूर्वी झाले होते.

आपल्या प्रकाराचा इतिहास सांगण्यासाठी अखेर कॉन्स्टेबल स्वतःच उभा राहिला. १८३६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे शास्त्रज्ञांच्या व्यासपीठावर, त्याने निसर्गचित्राच्या इतिहासावर चार व्याख्याने दिली. निसर्गचित्रण ही सृष्टिविज्ञानाचीच एक शाखा आणि चित्रे हे तिचे प्रयोग, अशी त्याची भूमिका होती. पुरावा म्हणून त्याने रॉइसडालच्या एका हिवाळी चित्राची स्वतः केलेली प्रत श्रोत्यांपुढे ठेवली. चित्रात जमिनीवर बर्फ आहे, झाडेही पांढरी आहेत आणि मध्ये दोन पवनचक्क्या आहेत. एकीची शिडे गुंडाळलेली आहेत आणि काम थांबले तेव्हा वारा जिकडून येत होता तिकडे तिचे तोंड आहे. दुसरीच्या पात्यांवर कापड चढवलेले आहे आणि तिचे तोंड निराळ्या दिशेला. म्हणजे वारा फिरला. ढग त्याच बाजूला फाटू लागले आहेत आणि तेथील उजेडावरून ती दक्षिण दिशा असावी. गिरणीमालकाच्या मुलाने श्रोत्यांना समजावले की सकाळ होण्याआधी हे बर्फ वितळू लागेल.