आवाज ऐकणारा मेकॅनिक

जुन्या गाडीचा ब्लोअर खडखडू लागला की आपण दोनच गोष्टी करतो. तो बंद ठेवतो, नाहीतर सरळ नवा बसवतो. दोन्ही घाईचे. पावसाळ्यात आतून धुरकटलेली काच ब्लोअरच साफ करतो. तो बंद ठेवून गाडी चालवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे.

आमच्या गाडीला एका सर्व्हिस सेंटरने न उघडताच नवी मोटर सांगितली. मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्या चाचांनी आधी कान देऊन ऐकले. म्हणाले, "खडखड असेल तर कचरा, चिरचिर असेल तर बुश सुकलाय." बॅटरीची तार काढली, डॅशबोर्डचा डावा कप्पा उतरवला, तीन स्क्रू सोडवून पंखा बाहेर घेतला. आत कडुनिंबाची वाळलेली पाने! समोरच्या काचेखालच्या जाळीतून शिरलेली. पंखा ब्रशने झाडला. आवाज बंद.

मोटर जळली असेल तर बदलावीच लागते. पण चाचांच्या हाताखालची पोरे आता फक्त पार्ट बदलायला शिकतात. कारण आपण पार्टचे पैसे मुकाट देतो आणि दोष शोधण्याच्या मजुरीवर घासाघीस करतो. हा हुन्नर टिकवायचा, तर ऐकण्याचीही मजुरी द्यायला हवी.