सांडपाण्यात बुडालेले गव्हर्नर

आपल्या राज्यपालांना निवडून यावे लागत नाही, त्यामुळे पडण्याचीही भीती नाही. उलट निवडून आलेल्यांचे आपसांत जमले नाही की राज्य त्यांच्याकडे चालून येते. नोव्हेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रात तेच झाले. अमेरिकेतल्या गव्हर्नरांना ही चैन नाही. ते तिथले मुख्यमंत्रीच. केंटकीचे रिपब्लिकन गव्हर्नर मॅट बेविन 5 नोव्हेंबर 2019 रोजी पडले आणि पडल्याचे गळी उतरायला गुरुवार, 14 तारीख उजाडली. चौदा लाखांवर मते, फरक अवघा पाच हजारांच्या आसपास. कुठेतरी गडबड आहे, असे पुराव्यावाचून म्हणत त्यांनी सगळ्या 120 काउंट्यांतले आकडे पुन्हा तपासायला लावले. निकाल जागचा हलला नाही. 2015 मध्ये पक्षाची उमेदवारी बेविन यांनी 83 मतांनी मिळवली होती. तेव्हा फेरतपासणी मागणारा दुसरा होता.

केंटकी काही कुंपणावरचे राज्य नव्हे. 2016 साली ट्रम्प तिथे जवळजवळ तीस टक्क्यांच्या फरकाने जिंकले. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः लेक्सिंग्टनला येऊन, बेविन हरले तर नाव माझे खराब होईल, तेवढे होऊ देऊ नका, असे विनवून गेले. मतदारांनी त्यांचे बऱ्यापैकी ऐकलेही. ॲटर्नी जनरलपासून कृषी आयुक्तापर्यंत राज्यातली उरलेली पाचही पदे रिपब्लिकनांच्याच पदरात टाकली. भातातला खडा तेवढा वेचून काढला.

हा खडा पहिल्यांदा मास्तरांच्या दाताखाली आला. केंटकीत शिक्षकांना ‘सोशल सिक्युरिटी’चा आधार नाही, म्हातारपण सगळे पेन्शनवर. (1 नोव्हेंबर 2005 नंतर चिकटून जुन्या पेन्शनला मुकलेल्या आपल्याकडच्या गुरुजींना यापुढचे समजावायला नको.) नव्या शिक्षकांची ठरलेली पेन्शन बदलायची, पण विधेयक तीन वेगवेगळ्या दिवशी वाचण्याचा घटनेचा नियम आडवा येत होता. त्यावर रिपब्लिकन आमदारांनी 29 मार्च 2018 रोजी तोड काढली. सांडपाण्याच्या सोयीचे अकरा पानी विधेयक आधीच वाचून झाले होते. त्यातला मजकूर काढून 291 पानांची पेन्शन त्यात भरली आणि काही तासांत मंजूर केली. बेविन यांनी सही ठोकली. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. सांडपाण्याचे वाचन म्हणजे पेन्शनचे वाचन नव्हे, हे सात न्यायमूर्तींना लिहून द्यावे लागले. दावा लावणारे ॲटर्नी जनरल होते अँडी बेशिअर. पुढे बेविन यांना पाडून गव्हर्नर झाले तेच.

पेन्शन कापू पाहणारे राजकारणी आणखीही आहेत आणि निवडूनही येतात. बेविन यांना नडली ती जीभ. शिक्षक आजारपणाच्या रजा टाकून राजधानी फ्रँकफर्टला जमले, शाळा बंद पडल्या. तेव्हा एप्रिल 2018 मध्ये ते म्हणाले, मुले घरी एकटी राहिली, आज राज्यात कुठे ना कुठे एखाद्या लेकरावर लैंगिक अत्याचार झालाच असेल, मी खात्रीने सांगतो. मागाहून चित्रफीत काढून माफी मागितली. पण वर्गात कोण काय म्हणाले हे लक्षात ठेवणे हा ज्यांचा धंदाच, त्यांच्यापुढे माफीची चित्रफीत किती टिकणार? बेशिअर यांनी उपगव्हर्नरपदासाठी सोबत उमेदवार घेतला तोही शाळेतूनच: जॅकलिन कोलमन, पेशाने शिक्षिका.

बेशिअर यांचा शपथविधी 10 डिसेंबर 2019 रोजी झाला. केंटकीच्या शपथेत एकोणिसाव्या शतकातले एक कलम अजून आहे: आपण प्राणघातक हत्याराने द्वंद्व खेळलेलो नाही, कुणाला तसे आव्हान धाडलेले नाही, आलेले स्वीकारलेले नाही. 2015 मध्ये बेविन यांनीही ती बिनदिक्कत घेतली होती.